नवी पेठेतलं बायंडिंग: काम एक नंबर, वेळेचं विचारू नका

पीडीएफची प्रिंट काढून पुस्तक बांधून घ्यायचं असेल तर सोलापूरच्या नवी पेठेच्या मागच्या बोळातलं दुकान बघा, बोर्ड नाही, दारात वह्यांचे गठ्ठे दिसले की तेच. मी कॉप्टिक, म्हणजे इजिप्तच्या ख्रिश्चन, हुतात्म्यांच्या कथा बांधून घेतल्या. १९१४ ला ब्रिटिश म्युझियमनं छापलेला संग्रह, नेटवर फुकट मिळतो, मी इंग्रजी भाषांतराचीच प्रिंट काढली कारण कॉप्टिक मला ओ की ठो कळत नाही (इजिप्तची जुनी भाषा, लिपी ग्रीक अन् वरून जुन्या इजिप्शियन लिपीतली सहा-सात अक्षरं).

स्पायरल नको, नुसतं गमवर चिकटवलेलं पण नको म्हटलं, पानं गळतात. मालक म्हणाले बुकलेट सेटिंगला प्रिंट आणा, मग फर्मे (पानांचे जुडगे) दुमडून पाठीवर साखळी टाक्यानं शिवून दिलं, पुस्तक टेबलावर सपाट उघडतं, हात ठेवायला लागत नाही. गंमत म्हणजे ह्या शिवणीला बायंडिंगवाले कॉप्टिकच म्हणतात, तिथल्या मठांत असंच शिवायचे. मालकांना सांगितलं तर म्हणे, "आमचे वडील पण असंच शिवायचे की ओ, ते कुठं गेलते इजिप्तला." तिथल्या जुन्या बांधणीचं म्हणाल तर १९१० मध्ये इजिप्तच्या फायूम भागात हामुलीला गावकऱ्यांना मठाच्या जागेत पुरलेली पन्नासेक पुस्तकं सापडली, नवव्या-दहाव्या शतकातली, पुढं अमेरिकेचा बडा बँकवाला जे. पी. मॉर्गन, त्यानं घेतली, त्यातल्या कितीतरींचे चामडी पुठ्ठे शाबूत होते. फोटो बघाच, चामड्यावरची नक्षी काय सुंदर आहे.

कथांचं म्हणाल तर साचा एकच. रोमच्या डायोक्लेशियन बादशहाचा हुकूम, देवांपुढं धूप टाका, कथेतला ख्रिश्चन नाही म्हणतो, सुभेदार छळ करतो, देवदूत येऊन जखमा बऱ्या करतो, परत छळ, शेवटी तलवार. एका दमात वाचल्या तर कंटाळा येणारच, पण त्या तशा वाचायच्या नव्हत्याच, ज्या त्या संताच्या सणाला मोठ्यानं वाचून दाखवायच्या. व्हिक्टरची मात्र सोडू नका. बाप रोमानोस बादशहाचा खास माणूस, पोरगं ऐकत नाही म्हटल्यावर बापच त्याला बादशहाच्या हवाली करतो. छळाच्या वर्णनापेक्षा हे जास्त लागतं राव.

कॉप्टिक चर्चचं साल अजून २८४ पासूनच मोजतात, डायोक्लेशियन गादीवर आला तेव्हापासून, आणि त्याला हुतात्म्यांचा शक म्हणतात. म्हणून पाठीवर सोनेरीत 'हुतात्मे' टाकायला सांगितलं तर मालकांनी लगेच विचारलं, "आपले चौघं का?" सोलापुरात दुसरं काय सुचणार, सोलापूरच्या चार हुतात्म्यांना इंग्रजांनी फाशी दिली तो १२ जानेवारी १९३१ इथं पोरासोरांना पाठ आहे.

आता तक्रार. सांगितल्या दिवशी मिळालं नाही, फोन उचलत नाहीत, हेलपाटे घालावे लागले. कटिंग करताना एका बाजूची मार्जिन जास्तच गेली, पेन्सिलनं काही लिहायला जागाच उरली नाही, तेव्हा प्रिंट काढतानाच मार्जिन मोठी ठेवा. पैसे वाजवी घेतले. जूनमध्ये जाऊ नका, शाळेच्या वह्यांच्या ऑर्डरी असतात, तुमचं काम तळाला जाईल.