डॉडचं ‘द एपिग्रॅमॅटिस्ट्स’ आणि त्याचे भाऊबंद: काही महिन्यांच्या वापरानंतर

दोन-चार ओळींत डंख मारून मोकळ्या होणाऱ्या इंग्रजी कविता, म्हणजे एपिग्रॅम, नुसत्या वाचायच्या असतील तर कुठलाही बरा संग्रह चालतो. ओळ नेमकी कुणाची आणि आधी कशी छापली होती हे शोधायला गेलात, की बहुतेक संग्रह दगा देतात. काही महिने सतत हाताळून टेबलावर टिकलेलं पुस्तक एकच: रेव्हरंड हेन्री फिलिप डॉड यांचं १८७० चं ‘द एपिग्रॅमॅटिस्ट्स’. इंटरनेट अर्काइव्हवर स्कॅन फुकट आहे.

याची खरी किंमत टिपांत आहे. एपिग्रॅम हा उसनवारीचा धंदा. ग्रीकातून लॅटिनात, तिथून फ्रेंचात, मग इंग्रजीत. डॉड ही साखळी उलगडायचा प्रयत्न करतो, बाकीचे संकलक कविता छापतात आणि पुढे जातात. टॉम ब्राउनचा ‘डॉक्टर फेल’ घ्या. तुम्ही मला आवडत नाही, का ते सांगता येत नाही, पण आवडत नाही एवढं पक्कं. हा थेट रोमन कवी मार्शलच्या पहिल्या पुस्तकातल्या ३२ व्या एपिग्रॅमचा अनुवाद. तिथला साबिडियस इथे ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्चचा डीन जॉन फेल झाला. डीनने शिक्षा म्हणून हा अनुवाद करायला सांगितला, असं म्हणतात. पुढे ओळी बालगीतांच्या पुस्तकांत शिरल्या आणि तिथे मार्शलही विसरला गेला, डीनही.

तक्रारी आहेतच. संकलक पाद्री आणि काळ व्हिक्टोरियन, त्यामुळे मार्शलचा किंवा सतराव्या शतकातल्या इंग्रज कवी रॉचेस्टरचा चावटपणा इथे शोधू नये. कविता कुणाची, हेही १८७० पर्यंतच्या माहितीवर बेतलेलं. नंतरचं संशोधन यात असणार कुठून? ‘प्रत्येक कवी मूर्ख असतो हे मान्य, पण प्रत्येक मूर्ख कवी नसतो याचा पुरावा तुम्ही’ हा चुटका कवी अलेक्झांडर पोपच्या नावावर भेटतो, कोलरिजच्याही. मॅथ्यू प्रायर या कवीच्या कवितेत तोच डाव वेगळ्या शब्दांत आहे. अशा वेळी कुठल्याही एका संग्रहाचा शब्द अंतिम मानू नये.

ओळ शोधताना लोक सर्रास पहिली ओळ टाकतात, आणि पाठभेद नेमके तिथेच जास्त. रॉचेस्टरने इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्यावर केलेल्या चार ओळी एका ठिकाणी ‘इथे आमचा राजा पहुडला आहे’ अशा सुरू होतात, दुसरीकडे ‘आमचा राजा मोठा गमत्या’ अशा, तिसरीकडे ‘देव राजाचं भलं करो’ अशा. पहिला पाठ वाचून वाटतं राजा गेल्यावर लिहिलं असेल. पण रॉचेस्टर वारला १६८० मध्ये आणि राजा १६८५ मध्ये. सगळ्या पाठांत टिकतो तो शेवट: मूर्खपणाचं कधी बोलला नाही, शहाणपणाचं कधी केलं नाही. म्हणून शोध यमकाच्या शब्दांवर घ्यावा. यमक बदललं तर चुटकाच मोडतो, त्यामुळे नकलणाऱ्यांचा हात तिथे सहसा जात नाही.

१८०० च्या आधीचं पुस्तक असेल तर अजून एक खोडा. त्या छपाईत शब्दाच्या सुरुवातीचा आणि मधला ‘एस’ लांब दांडीचा असतो, आणि स्कॅन वाचणारं सॉफ्टवेअर त्याला बरेचदा ‘एफ’ समजतं. मग ‘वाइज’ची ‘वाइफ’ होते, ‘ट्रीझन’चा ‘ट्रीफन’. राजाने शहाणपणाचं काही केलं नाही या ओळीत मध्येच बायको येते, ती अशी. उपाय सोपा: एकदा ‘एस’ घालून शोधा, एकदा ‘एफ’ घालून.

तारखेची मर्यादाही लावा. जॉन हॅरिंग्टनचा द्रोहावरचा द्विपदी चुटका (द्रोह कधी यशस्वी होत नाही, कारण झाला तर त्याला द्रोह म्हणायची कुणाची छाती?) त्याच्या मृत्यूनंतर १६१८ च्या संग्रहात आला. या चुटक्याचे शेवटचे शब्द शोधले तर निकालांत एका अमेरिकी राजकीय पुस्तकाचीच गर्दी होते, कारण १९६४ च्या त्या पुस्तकाने नावच या ओळीतून उचललं. शोध १९०० पर्यंत बांधून घेतला की गर्दी हटते.

पुनर्मुद्रणात सगळ्यात मोठं नुकसान शीर्षकाचं होतं. ‘मी क्यूच्या (लंडनजवळचं ठिकाण) राजपुत्राचा कुत्रा, आणि साहेब, आपण कुणाचे?’ ही पोपची द्विपदी कुत्र्याच्या गळपट्ट्यावर कोरण्यासाठी होती आणि कुत्रा प्रिन्स ऑफ वेल्स फ्रेडरिकला भेट दिलेला. म्हणजे पट्टा वाचायला वाकणारा दरबारीच फटका खातो. शीर्षक छाटलं की हे वाकणं जातं आणि मजा निम्मी होते. अमेरिकी लेखिका डोरोथी पार्करच्या चष्मेवाल्या मुलींवरच्या दोन ओळींचं (पुरुष सहसा त्यांच्या मागे लागत नाहीत) तेच. शीर्षक ‘बातमी’ आहे, म्हणून त्या चालतात. न्यूटनवरच्या पोपच्या द्विपदीला (देव म्हणाला न्यूटन होऊ दे, आणि सगळा उजेड झाला) जे. सी. स्क्वायरने १९२६ मध्ये आइनस्टाइनचं नाव घेऊन जोड दिली (सैतानाने पुन्हा अंधार केला). दोन्ही एकाखाली एक छापतात, तेव्हा नावं नीट पाहून घ्या, नाहीतर चारही ओळी पोपच्या खात्यावर जमा होतील.

फ्रेडरिक लॉकरचं १८६७ चं ‘लिरा एलेगान्शियारम’ हे संकलन देखणं आहे, पण स्कॅन उघडताना आवृत्ती तपासा. पहिल्या आवृत्तीत लँडोर या कवीच्या सुमारे ४० कविता कॉपीराइट असताना घेतल्या गेल्या, म्हणून ती मागे घ्यावी लागली आणि त्याच वर्षी सुधारित आवृत्ती निघाली. साल दोन्हींवर तेच, म्हणून लँडोरच्या कविता मोजूनच ओळखावं.

विसाव्या शतकातले संग्रह पटकन: ऑडेनचा १९३८ चा हलक्याफुलक्या कवितांचा ऑक्सफर्ड संग्रह लोकगीतं आणि बॅलडही पोटात घेतो, एपिग्रॅमसाठी फार चाळावं लागतं. किंग्जली एमिसचा १९७८ चा त्याहून आटोपशीर. जेफ्री ग्रिगसनचा १९७७ चा फेबर संग्रह एपिग्रॅम आणि समाधिलेखांनाच वाहिलेला. छापील एकच घ्यायचा तर हा.

भाषांतर करून छापणाऱ्यांनी हिशेब वेगळा धरावा. कॉपीराइट भारतात कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, ब्रिटनमध्ये ७०. इंग्रजी कवी हिलेर बेलॉक १९५३ मध्ये वारला, तो दोन्हीकडे मोकळा. स्क्वायर १९५८ चा: भारतात २०१९ पासून मोकळा, ब्रिटनमध्ये २०२९ पासून. ‘दोनच ओळी तर घेतल्या’ हा बचाव इथे लंगडा पडतो, कारण दोन ओळी म्हणजेच अख्खी कविता.