जुन्या फुलदाणीची पारख आणि ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च: वर्षभराच्या वापरानंतरचा अभिप्राय

वापरलेली काचेची फुलदाणी हाती आली की ती कोणी घडवली आणि केव्हा घडवली, हे दोन प्रश्न लगेच उभे राहतात, आणि त्यांची उत्तरे मिळतील या आशेने अनेक जण अतिनील टॉर्च विकत घेतात. मीही त्याच आशेने घेतला. वर्षभर वापरल्यानंतर माझे मत असे बनले आहे की काचेत काय मिसळले आहे हे तो उत्तम सांगतो, दुरुस्ती आणि लबाडी पकडण्यास मदत करतो, परंतु निर्मात्याचे नाव व काळ यांसाठी फुलदाणी उलटी करून तिचा तळच वाचावा लागतो.

हा टॉर्च ३६५ नॅनोमीटरचा असून त्याच्या तोंडाशी काळी गाळणी काच आहे. त्यामुळे जांभळा दृश्य प्रकाश जवळजवळ बाहेर पडत नाही आणि अंधाऱ्या खोलीत युरेनियमयुक्त काच झगझगीत हिरवी दिसते. येथे एक सावधगिरी मात्र हवी, कारण या तरंगलांबीवर मँगनीज असलेली काचही फिकट हिरवी चमकते आणि नवखा माणूस तिलाच युरेनियमची काच समजून बसतो. माझ्याकडे आधीचा ३९५ नॅनोमीटरचा साधा टॉर्च होता. त्याखाली युरेनियमची चमक टिकते, मँगनीजची मात्र जवळपास मावळते. तेव्हा नवा घेतला म्हणून जुना टाकून देऊ नये. दोन्ही टॉर्च आलटून पालटून धरल्यावरच निष्कर्ष विश्वासार्ह ठरतो. टॉर्चसोबतच्या माहितीपत्रकात याचा उल्लेखही नाही, ही त्यातील मोठी उणीव आहे.

माझी पहिली कसोटी एका पोपटी फुलदाणीवर झाली. ती दोन्ही टॉर्चखाली लखलखली, आणि विक्रेत्याने सांगितलेले ‘शंभर वर्षांपूर्वीची’ हे वय खरे असल्याचे मी क्षणभर मानलेही. पण चमक म्हणजे वय नव्हे. युरेनियमचा शोध जर्मन रसायनशास्त्रज्ञ क्लाप्रोट यांनी १७८९ मध्ये लावला, १८३० च्या दशकात बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाच्या भागात, काचकारखानदार योसेफ रीडेल यांनी पिवळ्या आणि हिरव्या युरेनियम काचेला आपल्या पत्नीच्या, आन्नाच्या, नावावरून ‘आन्नागेल्ब’ व ‘आन्नाग्र्यून’ ही नावे दिली, आणि अशी काच थोड्या प्रमाणात आजही बनते. एवढ्या दीर्घ काळात ही फुलदाणी नेमकी कुठे बसते, हे टॉर्च सांगूच शकत नाही.

उत्तर मिळाले ते तळाशी. स्वच्छ धुऊन कोरड्या केलेल्या तळावर तोंडाची वाफ सोडताच आम्लाने उमटवलेला पुसट गोल शिक्का क्षणभर दिसला आणि त्यात चेकोस्लोव्हाकियाचे नाव होते. तो देश १९१८ च्या अखेरीस अस्तित्वात आला आणि १९९२ सरताना त्याचे विभाजन झाले, म्हणजे विक्रेत्याने सांगितले त्यापेक्षा ती बरीच अलीकडचीही असू शकते. भिंगातून पाहिले तर तळकडेवरचे ओरखडे बारीक, वेगवेगळ्या दिशांचे आणि केवळ टेकणाऱ्या भागावर होते. वय वाढवण्यासाठी मुद्दाम घासलेल्या तळावर ते बहुधा एकाच दिशेने ओढलेले आढळतात. अंगावरून उभी जाणारी साच्याची शिवण आणि हाताने काच घडवताना तळाला चिकटवल्या जाणाऱ्या पाँटिल नावाच्या दांड्याच्या व्रणाचा अभाव यांवरून ती साच्यात घडवलेली कारखानी वस्तू असल्याचे स्पष्ट झाले.

दुसरा अनुभव मला अधिक मोलाचा वाटतो. थरांच्या काचेत फुले कोरलेल्या एका फुलदाणीवर ‘गाले’ अशी उठावाची सही होती. फ्रेंच काचकलाकार एमिल गाले १९०४ मध्ये निवर्तले आणि त्यानंतर काही काळ त्यांच्या कारखान्याने सहीसोबत तारा उमटवला, इतके मला ठाऊक होते. टॉर्चखाली काठाजवळ एक निळसर-पांढरी रेघ उजळली, जी साध्या उजेडात अजिबात दिसत नव्हती. तो गोंदाने जोडलेला तडा होता. मग साध्या दिव्याचा उजेड तिरपा टाकला, तेव्हा सहीच्या शेजारी घासून सपाट केलेला ठिपका दिसला. रुमानियात बनलेल्या आधुनिक नकलांवर सहीजवळ ‘टिप’, म्हणजे ‘धर्तीचे’, असा शब्द असतो आणि तो खरवडून वस्तू अस्सल म्हणून विकली जाते. मी ती फुलदाणी घेतली नाही.

सही खरी असली तरी ती वाचता यावी लागते. फ्रेंच काचकलाकार लालीक यांच्या काचेवर ‘र. लालीक’ असे आद्याक्षरासह नाव असेल तर ती वस्तू साधारणतः रने लालीक यांच्या १९४५ मधील मृत्यूपूर्वीची मानली जाते, तर पुढच्या काळात आद्याक्षर गळते. याउलट व्हाइटफ्रायर्स या ब्रिटिश काचकारखान्याने बहुतांशी कागदी लेबलेच लावली, जी बहुतेकदा धुतली जातात. तेथील रचनाकार जेफ्री बॅक्स्टर यांची १९६७ ची झाडाच्या सालीसारख्या पोताची फुलदाणी आकार, पोत, रंग आणि उंची जुन्या सूचिपत्राशी ताडूनच ओळखावी लागते. तेथे टॉर्च बाजूलाच ठेवावा.

शिसेयुक्त क्रिस्टल ओळखण्यासाठीही हा टॉर्च घेऊ नये. त्यासाठी लागणारे अतिनील किरण याहून आखूड तरंगलांबीचे आणि डोळ्यांना अधिक घातक असतात. त्यापेक्षा फुलदाणीचे वजन एकदा हवेत आणि एकदा पाण्यात लटकवून घ्यावे आणि हवेतील वजनाला पाण्यात घटलेल्या वजनाने भागावे. साध्या काचेचे उत्तर २.५ च्या आसपास येते. युरोपीय समुदायाच्या १९६९ च्या नियमानुसार २४ टक्के शिसे-ऑक्साइड असलेल्या क्रिस्टलची घनता किमान २.९० असावी लागते.

टॉर्चची बांधणी भक्कम आहे, मात्र काही मिनिटांतच तो तापतो आणि बॅटरी उतरू लागल्याची कोणतीही सूचना देत नाही. संरक्षक चश्मा सोबत मिळत नाही. तो वेगळा घ्यावाच, कारण चकचकीत काचेवरून परतलेला हा प्रकाश थेट डोळ्यांत जातो. पाचपैकी चार गुण देतो, आणि गेलेला एक गुण त्या अपुऱ्या माहितीपत्रकामुळे गेला आहे.