पट घ्यायचा तर गाण्यासकट घ्या: नया गावातली खरेदी

दोन वर्षांपूर्वी एका हस्तकला प्रदर्शनात मी बंगालचा पट, म्हणजे गाणं गात उलगडून दाखवायचं गुंडाळीवरचं चित्र, घेतला होता. विकणाऱ्याने गुंडाळीला रबर लावून हातात दिली. गोष्ट कसली आहे विचारलं, तर म्हणाला, "देवीची असेल." घरी सोडून बघते तर गुलाबी रंग चक्क पोस्टर कलरचा! तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली आहे, त्या बाटलीची नि माझी जुनी ओळख. म्हणून यंदा कोलकात्याला गेलो तेव्हा ठरवून पट करणाऱ्यांचं नया हे गाव गाठलं.

हावड्याहून लोकलने बालीचक, पुढे रस्त्याने. पश्चिम मेदिनीपूर जिल्हा, पिंगला भाग. (मला आधी पहाटेचा पिंगळा आठवला, मग कुडाळजवळचं चित्रकथीचं पिंगुळी.) गावात घरांच्या भिंतीही रंगवलेल्या, आणि पटुआंच्या, म्हणजे पट करणाऱ्यांच्या, घरोघरी आडनाव एकच, चित्रकर. ही मंडळी मुसलमान आहेत आणि मनसादेवीची (सापांची देवी), रामाची, कृष्णाची गाणी पिढ्यान्‌पिढ्या गात आली आहेत. आम्हाला याचं अप्रूप. त्यांना मात्र त्यात सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं.

ज्या घरी बसलो तिथली बाई माझ्याच वयाची. किंमत विचारली तर हाताने थांबवलं. "दीदी, आगे गान." मग जमिनीवर बसून तिने 'माछेर बिये', म्हणजे माशांचं लग्न, सोडायला घेतलं. एक हात गुंडाळी उलगडतोय, दुसऱ्या हाताचं बोट चौकटीवर, आणि वर मोकळा, किंचित चिरका आवाज. नटूनथटून लग्नाला निघालेले मासे, वाजंत्री मासे, आणि शेवटच्या चौकटीत जबडा वासलेला प्रचंड बोआल मासा. तो अख्खं वऱ्हाड गिळतो. शब्द निम्मेच कळले, पण बोआल आल्यावर आवाज असा खाली उतरला की हे खुर्चीत पुढे सरकले. शेवटी भणिता, म्हणजे गाण्यातच स्वतःचं नाव नि गाव. आपल्या अभंगात 'तुका म्हणे' येतं ना, तसंच.

रंगांबद्दल मी वर्गात घ्यावी तशी उलटतपासणी घेतली. पिवळा हळदीचा, निळा गोकर्णाच्या फुलांचा, हिरवा वालाच्या पानांचा, नारिंगी शेंद्रीच्या बियांचा, काळा काजळीचा. मायाळूच्या फळांचा जांभळट रंग तिने माझ्या तळहातावर चोळूनच दाखवला. सगळं करवंट्यांमधे, आणि त्यात बेलफळाचा डिंक. कागद जोडून झाला की पाठीला जुन्या साडीचं कापड चिकटवतात, म्हणून इतक्यांदा गुंडाळूनही घडीवर तडे जात नाहीत. आणि पट 'काढला' म्हणत नाहीत, 'लिहिला' म्हणतात.

मी माशांचा पट घेतला, बावीसशेला. घासाघीस केली नाही. मनसादेवीच्या कथेतल्या बेहुला-लखिंदर या जोडप्याचा मोठा पट पाहून जीव कासावीस झाला, पण तो बजेटबाहेर होता. एचआयव्ही, त्सुनामी यांवरचे पटही दाखवले. त्सुनामीच्या लाटेला राक्षसिणीचं तोंड होतं, ते विसरता येत नाही.

आता उणं. किटल्या, छत्र्या, टीशर्ट यांवरची चित्रं मला आवडली नाहीत. तिथे विकतचे रंग वापरतात (ते लपवत नाहीत, विचारलं की सांगतात), आणि किटलीला गाणं कुठून असणार? पण घर त्यावर चालतं, तेव्हा नाकं मुरडण्याचा हक्क मला नाही. दुसरं, एका घरी दोन कडव्यांतच गाणं आटोपलं, कारण मागे गिऱ्हाइकांचा दुसरा गट उभा. नोव्हेंबरात 'पटमाया' उत्सव असतो, तेव्हा जास्त पाहायला मिळत असेल, पण निवांत ऐकायचं तर साधा दिवस बरा. बंगालच्या पटचित्राला 2018 मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालंय. तरी खरेदीच्या वेळी माझी कसोटी एकच: विकणाऱ्याला हा पट गाता येतो का?

फ्रेम मात्र करू नका. प्रदर्शनातला पट यांनी हौसेने काचेत बसवला आणि दोनच चौकटी दिसायला लागल्या, बाकीची गोष्ट मागे गुंडाळलेली. हा पट गुंडाळीतच ठेवलाय. पाहुणे आले की मी तो सोडते आणि हे फोनवर तिचं गाणं लावतात. तिची परवानगी घेऊनच रेकॉर्ड केलंय. अजून जमत नाही. माझा बोआल दर वेळी गाण्याच्या आधीच पोचतो.