गावचा विषय दिल्लीत: शून्य प्रहर, नियम ३७७ की अतारांकित प्रश्न?

ग्रामसभेत ठराव झाला, पणजीला निवेदने गेली आणि शेवटी विषय केंद्राच्या अखत्यारीतला निघाला. आता खासदारांना सांगायचे, पण त्यांनी तो मांडायचा कशातून? तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा, मी हिशेबातच धरत नाही. लोकसभेत दिवसाला वीस निघतात, तेही सोडतीने, आणि तासाभरात त्यांतल्या मोजक्यांचीच तोंडी उत्तरे होतात. उरतात तीन वाटा.

शून्य प्रहर, म्हणजे तातडीचे विषय थोडक्यात मांडायची सभागृहातली वेळ, सगळ्यांना आवडतो आणि त्यात नवल नाही. आठवडेच्या आठवडे थांबावे लागत नाही, सोडतीत नाव आले की खासदार उभे राहतात आणि संध्याकाळपर्यंत संसद टीव्हीची ती चित्रफीत तालुक्यातल्या प्रत्येक ग्रुपवर फिरते. दरड कोसळून रेल्वे बंद पडली असे काही असेल तर दुसरे साधन शोधूच नये. मात्र मंत्र्यांनी उत्तर द्यायलाच हवे असे बंधन नाही. अनेकदा संबंधित मंत्री सभागृहात नसतातही. गोंधळात कामकाज तहकूब झाले तर नव्याने नोटीस द्यायची. राज्यसभेत तर तीन मिनिटे झाली की माइक बंद.

लोकसभेतला नियम ३७७, म्हणजे आधी मंजूर झालेला मजकूर वाचून विषय मांडायची सोय, त्यामानाने शिस्तीचा. अडीचशे शब्दांच्या आत मजकूर आधी द्यायचा आणि मंजूर झालेला तेवढाच वाचायचा, पदरचे काही घालायचे नाही. गोंधळाच्या दिवशी मजकूर पटलावर ठेवल्याचे, म्हणजे सभागृहात अधिकृतपणे सादर झाल्याचे, मानले जाते, त्यामुळे विषय बुडत नाही. मंत्रालयाने साधारण महिनाभरात लेखी उत्तर द्यावे अशी अपेक्षा असते. राज्यसभेत याच जातीचा ‘विशेष उल्लेख’ आहे.

मला खटकते ते उत्तर आल्यानंतरचे. ते खासदारांच्या नावे पत्र म्हणून येते. मग ‘पत्र आले का?’ म्हणून कार्यालयात फेऱ्या सुरू. फाईल दिल्लीत, स्वीय सचिव दौऱ्यावर, आणि झेरॉक्स मिळेपर्यंत पंचायत मंडळाची मुदत संपत आलेली. बरे, मिळाली तरी ती खाजगी पत्राची प्रत. पुढच्या वेळी मंत्रालयासमोर ‘तुम्हीच सभागृहाला असे सांगितले होते’ म्हणून ठेवायला नोंद नाही. इतरांना हे किरकोळ वाटेल, पण माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखीच असते; ते ठरलेल्या दिवशी पटलावर येते आणि संसदेच्या संकेतस्थळावर क्रमांक-तारखेसह चढते. सरपंच ते मोबाइलवर उघडू शकतो. माहिती अधिकाराच्या अर्जात, वर्तमानपत्रात, गरज पडली तर न्यायालयातही तोच क्रमांक चालतो. गाजावाजा शून्य, हे खरे.

मेहनत मसुद्यावर करावी लागते. नोटीस किमान पंधरा पूर्ण दिवस आधी जायला हवी. प्रत्येक मंत्रालयाचा आठवड्यातला वार ठरलेला असतो, म्हणून लहान हिवाळी अधिवेशनात एका मंत्रालयाला तीन-चारच संधी येतात. शब्दमर्यादा साधारण दीडशे. एका सदस्याचे एका दिवसाच्या यादीत पाचच प्रश्न बसतात, तेव्हा अधिवेशनाच्या तारखा जाहीर होताच कागद पोहोचवावा.

‘सत्तरी तालुक्यात मोबाइल सेवा सुधारण्यासाठी सरकारने पावले उचलली आहेत का?’ असे विचारले की ‘होय’ आणि खाली योजनांची दोन पाने येतात. त्याऐवजी: (अ) सत्तरी व सांगे तालुक्यांत डिजिटल भारत निधीतून (दूरसंचार सेवेसाठीचा केंद्राचा निधी) मंजूर झालेले मनोरे किती, गावनिहाय, (आ) त्यांपैकी कार्यान्वित किती, तारखांसह, (इ) उरलेल्यांच्या विलंबाची कारणे व अपेक्षित मुदत. इथे बाबूंना आकडा द्यावाच लागतो, नाहीतर आकडा नाही असे लिहून द्यावे लागते. मसुद्यात मत, टोमणा किंवा तर्क घातला की नियम ४१ खाली प्रश्न गळतो. खाजनाचे (भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून बांधाने राखलेल्या शेतजमिनीचे) बांध राज्याचा विषय म्हणून परत येतील. म्हादई नदीच्या पाणीवाटपाचा मूळ तंटा सर्वोच्च न्यायालयात असल्याने अडेल, पण त्यासाठी केंद्राने नेमलेल्या ‘प्रवाह’ प्राधिकरणाच्या बैठका किती झाल्या हे विचारून पाहण्यासारखे आहे. पश्चिम घाटातील पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राच्या जुलै २०२४ च्या मसुदा अधिसूचनेतील गोव्याची १०८ गावे मात्र थेट केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचा विषय, तिथे बिनदिक्कत विचारावे.

उत्तर गोव्यातल्यांना आणखी एक अडचण. तिथले खासदार श्रीपाद नाईक केंद्रीय राज्यमंत्री आहेत आणि मंत्री प्रश्न विचारत नाहीत, शून्य प्रहरात उठत नाहीत. त्यांना पत्र जरूर द्या, ते आत बोलू शकतात. पण प्रश्नासाठी दक्षिण गोव्याचे खासदार विरियातो फर्नांडिस किंवा राज्यसभेतले सदानंद शेट तानावडे यांच्याकडेच जावे लागते. पक्ष कोणता हे पाहत बसलात तर अधिवेशन निघून जाईल.

‘माहिती गोळा केली जात असून पटलावर ठेवण्यात येईल’ असे उत्तर आले तर चिडू नये. ते आश्वासन धरले जाते, तीन महिन्यांत पुरे करायचे असते, आणि राहिले तर शासकीय आश्वासन समिती मंत्रालयाला विचारते. त्याच क्रमांकाचा हवाला देणारा दुसरा प्रश्न तेवढ्यात तयार करून ठेवावा.