कॅनडाला मुलं पाठवताय तर राम मारुती रोडचा हा क्लास करा

मुलगी कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात, रेजायना शहरात शिकायला चाललीय, म्हणून ठाण्यात राम मारुती रोडच्या आतल्या गल्लीत शनिवार-रविवारी चालतो तो ओरिएंटेशन क्लास आम्ही मायलेकींनी मिळून केला. व्हिसाची कामं इथे होत नाहीत, सर पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगतात, तिकडे पोचल्यावर रोजचं कसं निभवायचं तेवढंच शिकवतात. बँक अकाउंट, भाड्याचं अ‍ॅग्रीमेंट, थंडीचे कपडे वगैरे ठीक, ते यूट्यूबवर पण मिळतं. माझे पैसे वसूल झाले ते हेल्थ कार्डच्या, म्हणजे डॉक्टर-हॉस्पिटलचा खर्च सरकारी विम्यातून भागतो त्या कार्डाच्या, सेशनला.

सरांनी आधी फॉर्म उघडलाच नाही. बोर्डवर मोठ्या अक्षरात लिहिलं, टॉमी डग्लस. सस्कॅचेवान प्रांताचा प्रीमियर, म्हणजे आपल्याकडचा मुख्यमंत्रीच, 1944 ते 1961 सलग 17 वर्षं. जन्म स्कॉटलंडचा, लहान असताना विनिपेगला आला, पायाच्या हाडात इन्फेक्शन, घरी पैसे नाहीत, पाय कापायची वेळ आली होती पण एका सर्जनने विद्यार्थ्यांना दाखवायला मिळेल म्हणून फुकट ऑपरेशन केलं आणि पाय वाचला. पुढे छापखान्यात काम, मग बॉक्सिंगमध्ये मॅनिटोबाचा (विनिपेगचा प्रांत) लाइटवेट चॅम्पियन, मग वेबर्न गावात चर्चचा पाद्री, आणि तिथे 1930 नंतरच्या मंदीत अन् दुष्काळात शेतकऱ्यांचे हाल बघून राजकारणात. 1935 ला खासदार झाला, 1944 ला प्रांतात 52 पैकी 47 जागा. आयुष्यभर त्याचं म्हणणं एकच, की पोराचा पाय वाचणं हे नशिबावर राहता कामा नये. हे ऐकताना मला खरंच भरून आलं, आई आहे मी.

आणि सरांनी नुसती गोष्ट सांगून सोडलं नाही, पैसा कुठून आला ते पण समजावलं. 1 जानेवारी 1947 ला हॉस्पिटलचा विमा सुरू झाला, माणशी वर्षाला 5 डॉलर. पण डॉक्टरच्या फीचा विमा लगेच नाही आणला, आधी प्रांताचं कर्ज कमी केलं, खेडोपाडी वीज नेली, मग 1958 पासून केंद्र सरकार हॉस्पिटलच्या खर्चात वाटा द्यायला लागलं तेव्हा हातात पैसा मोकळा झाला आणि त्याने 1959 ला डॉक्टरच्या फीची योजना जाहीर केली. 1961 ला तो नव्या पक्षाचा देशपातळीवरचा नेता झाला, प्रीमियरपद वुड्रो लॉइडकडे गेलं. 1962 च्या जूनमध्ये या योजनेवरच्या लोकांच्या रागापायी डग्लस रेजायनात स्वतःची सीट हरला, आणि 1 जुलैला योजना सुरू झाली त्याच दिवशी डॉक्टर संपावर, 23 दिवस. तरी लॉइडने योजना सोडली नाही! 1966 ला केंद्राने अशाच विम्याचा देशभरासाठी कायदा केला आणि 1972 पर्यंत सगळे प्रांत यात आले.

आता यातून मुलीला काय मिळालं, तर कार्ड प्रांताचं का असतं ते डोक्यात पक्कं बसलं. सस्कॅचेवानमध्ये स्टडी परमिटवरच्या विद्यार्थ्याला कार्ड मिळतं, ओंटारिओत प्रांताच्या योजनेत विद्यार्थी बसत नाहीत, तिथे युनिव्हर्सिटीचा वेगळा विमा. मागच्या बाकावरच्या एका काकांनी विचारलं, मग इथून इन्शुरन्स कशाला काढायचा? सर म्हणाले काका, कार्ड हातात येईपर्यंत काढा, आणि गोळ्या-औषधं, दात, चष्मा यांचा खर्च बहुतेक खिशातूनच जातो हे पोरांना आत्ताच सांगून ठेवा. अर्ध्या पालकांनी ते लगेच वहीत लिहून घेतलं, मी पण.

एक स्टार कापला, कारण लिफ्ट नाही, दुसरा मजला आहे, गुडघे दुखणाऱ्या आईवडिलांचे हाल होतात, आणि नोट्स सगळ्या इंग्लिशमध्ये. सर बोलतात इतकं छान मराठी, मग दोन पानं मराठीत द्यायला काय हरकत आहे? प्लीज कराच हे. गाडी आणू नका, पार्किंग मिळत नाही, स्टेशनवरून रिक्षा करा किंवा सरळ चालत या. आणि फी भरताना विचारून घ्या हेल्थ कार्डचं सेशन शनिवारी आहे की रविवारी, बाकी काही चुकलं तरी चालेल, ते चुकवू नका.