सेवन-झिपचा हॅश मेनू: डाउनलोड केलेली फाइल शाबूत आहे का?

सेवन-झिप बहुतेकांच्या कॉम्प्युटरवर असतं ते झिप आणि रार फाइली उघडायला. त्याच्या राइट-क्लिक मेनूत 'सीआरसी एसएचए' नावाची एक ओळ आहे, तिच्याकडे मात्र फारसं कुणी वळत नाही. डाउनलोड केलेली फाइल जशीच्या तशी आली की नाही हे विंडोजवर तपासायचं असेल, तर फुकट मिळणाऱ्या साधनांत आमची पहिली पसंती हीच. फक्त ती काय सांगते आणि कशाबद्दल काहीच सांगत नाही, हे कळून वापरली पाहिजे.

वापरणं सोपं आहे. फाइलवर राइट-क्लिक, मग सीआरसी एसएचए, मग एसएचए-२५६ (ही हॅश काढायची एक पद्धत). विंडोज ११ मध्ये आधी 'शो मोअर ऑप्शन्स'वर जावं लागतं. शिफ्ट दाबून राइट-क्लिक केलं तर जुना मेनू थेट उघडतो. छोट्या खिडकीत फाइलचं नाव, आकार आणि ६४ अक्षरांचा हॅश येतो. हॅश म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा. फाइल देणाऱ्या साइटवर छापलेल्या हॅशशी तो जुळला तर फाइल जशीच्या तशी आली. ३ जीबीची आयएसओ (अख्ख्या डिस्कची एकच फाइल) जुन्या हार्ड डिस्कवर अर्धा मिनिट घेते, एसएसडीवर काही सेकंद. फाइलमधला एक बिट बदलला तरी पूर्ण हॅश पालटतो. त्यामुळे 'थोडाच फरक आहे, चालेल' हा प्रकार इथे नाही. मोठी-छोटी अक्षरं मात्र सारखीच धरायची.

हॅश जुळला नाही तर आधी आकार बघा. तो कमी असेल तर डाउनलोड अर्ध्यावर तुटलंय, पुन्हा उतरवा. आकार बरोबर आणि हॅश वेगळा असेल, तर त्याच फाइलचा हॅश लगेच आणखी एकदा काढा. फाइल तीच, आणि दर वेळी उत्तर वेगळं, म्हणजे दोष तुमच्या रॅममध्ये किंवा डिस्कमध्ये आहे. अशा मशीनवर कितीही वेळा डाउनलोड केलं तरी उपयोग नाही. उत्तर तेच येत असेल तर दुसऱ्या नेटवर्कवरून फाइल पुन्हा घ्या. दोन्ही प्रती एकमेकींशी जुळल्या पण साइटवरच्या हॅशशी जुळल्या नाहीत, तर बहुतेक वेळा आपण दुसऱ्याच आवृत्तीची ओळ वाचत असतो. तसं नसेल तर मिररवरची (मूळ साइटच्या फाइलींच्या प्रती ठेवणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरवरची) फाइलच बदललेली असू शकते. ती उघडू नका.

या मेनूतली सर्वांत खटकणारी उणीव म्हणजे साइटवरचा हॅश पेस्ट करून जुळवायला चौकटच नाही. मग लोक पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं बघून मोकळे होतात. अपघाताने बिघडलेली फाइल तेवढ्याने पकडली जाते. पण आठ अक्षरं म्हणजे साधारण ४३० कोटी शक्यता, आणि मुद्दाम फसवणाऱ्याला तेवढे प्रयत्न करणं आजच्या कॉम्प्युटरवर जड नाही. सोपा उपाय असा: सेवन-झिपच्या खिडकीत हॅशच्या ओळीवर क्लिक करून कंट्रोल-सी दाबा, मजकुरातला फक्त हॅश उचला, ब्राउझरमध्ये हॅश असलेल्या पानावर कंट्रोल-एफ दाबून तो पेस्ट करा. ओळ रंगली तर पूर्ण ६४ अक्षरं जुळली. हॅशच्या आधी-नंतर रिकामी जागा राहिली तर बरोबर हॅशही सापडत नाही, तेवढं बघा.

साइटवर ३२ अक्षरांचाच हॅश असेल तर तो एमडी५, ४० असतील तर एसएचए-१. या हॅश काढायच्या जुन्या पद्धती. एमडी५चा एकच हॅश असलेल्या दोन वेगळ्या फाइली २००४ मध्ये बनवून दाखवल्या गेल्या. एसएचए-१च्या बाबतीत तेच गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेने २०१७ मध्ये केलं. तुटलेलं डाउनलोड ओळखायला हे दोन्ही चालतात, सुरक्षेची खात्री म्हणून धरू नका.

खरा प्रश्न पुढेच आहे: ज्याच्याशी जुळवायचं तो हॅश कुठून आला? फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टिमच्या साइटमध्ये घुसून आयएसओचा दुवाच बदलला गेला आणि लोकांना मागचं दार (हल्लेखोराला गुपचूप आत शिरायची वाट) ठेवलेली प्रत मिळत होती. ज्याला दुवा बदलता येतो त्याला शेजारचा हॅशही बदलता येतो. याउलट मे २०१७ मध्ये हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या प्रोग्रॅमच्या एका मिररवर मॅकसाठीची फाइल बदलली गेली, पण मुख्य साइट शाबूत होती. तिथला हॅश जुळवणाऱ्याला फरक दिसला असता. म्हणून फाइल मिररवरून घेतली तरी हॅश मूळ साइटवरूनच घ्या. मिंट आता हॅशच्या यादीसोबत तिची जीपीजी सहीही देतं, म्हणजे यादी खरंच त्यांचीच आहे हे दाखवणारी डिजिटल सही. ती तपासणं सेवन-झिपच्या आवाक्यात नाही, त्यासाठी जीपीजी४विन हा वेगळा प्रोग्रॅम लागेल. तिथे 'गुड सिग्नेचर' आलं म्हणून थांबू नका, सही ज्या किल्लीने केली तिचा फिंगरप्रिंटही (ओळखखूण) जुळवा.

हॅश जुळला म्हणजे फाइल निर्धोक, असंही नाही. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा आरटीओ चलनाच्या नावाने येणाऱ्या एपीके (अँड्रॉइड ॲपच्या) फाइलीला तर जुळवायला मूळ हॅशच नसतो. ती इन्स्टॉल न करणं हेच बरं. बाकी शंकास्पद फाइलींचा एसएचए-२५६ व्हायरसटोटल या फाइली तपासणाऱ्या साइटच्या शोधचौकटीत टाका: आधी कुणी तीच फाइल तपासली असेल तर ती न चढवताच अनेक अँटिव्हायरसचे निकाल दिसतात. काहीच सापडलं नाही तर ती फाइल तिथे नवी आहे एवढंच समजा. आधार, बँक स्टेटमेंट असली कागदपत्रं तिथे चढवू नका. चढवलेल्या फाइली त्यांच्या भागीदार कंपन्यांना मिळू शकतात.

आता सेवन-झिपचे स्वतःचे दोष. ते आपणहून अपडेट होत नाही, आणि हा दोष किरकोळ नाही. इंटरनेटवरून आलेल्या फाइलीला विंडोज एक खूण लावतं आणि त्या खुणेवरून स्मार्टस्क्रीन हे विंडोजचंच सुरक्षा-साधन इशारा देतं. झिपमधून बाहेर काढलेल्या फाइलींवर ही खूण उतरवायची सोय सेवन-झिपमध्ये २०२२ साली, २२.०० आवृत्तीत आली, आणि झिपच्या आतल्या झिपमध्ये ती खूण गळून पडायची ती चूक २४.०९ मध्ये दुरुस्त झाली. म्हणजे त्याहून जुनी आवृत्ती असेल तर आधी ती बदला. त्यानंतरही ही सोय मुळात बंदच असते: सेवन-झिप उघडा, मग टूल्स, ऑप्शन्स, सेवन-झिप टॅब, तिथे 'प्रोपॅगेट झोन आयडी स्ट्रीम' पुढे 'येस' निवडून ओके करा.