४.५ मिमी एअर रायफलला मानवणारे छर्रे: काही महिन्यांच्या वापरानंतर

दहा मीटरच्या मॅच एअर रायफलसाठी कुठले छर्रे घ्यावेत असं विचारलं की लोक एका ब्रँडचं नाव सांगून मोकळे होतात. गेले काही महिने मी एकाच रायफलमधून तीन कंपन्यांचे छर्रे वापरतेय, वेगवेगळ्या हेड साइजचे (म्हणजे छर्ऱ्याच्या डोक्याच्या व्यासाचे) आणि वेगवेगळ्या बॅचचे. आता मला वाटतं, ब्रँड हा या निवडीतला सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग आहे. म्हणून इथे नावं देत नाही. माझ्या बॅरलमध्ये पहिली आलेली डबी तुमच्या बॅरलमध्ये शेवटची येऊ शकते, आणि त्यात दोष कुणाचाच नसतो.

रायफल पीसीपी आहे, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी, आणि रेग्युलेटरवाली; रेग्युलेटर दर शॉटला हवेचा दाब सारखा ठेवतो. छर्रे सगळे सपाट डोक्याचे, ०.५३ ग्रॅमचे. सपाट डोक्यामुळे कागदावर भोक स्वच्छ कापल्यासारखं पडतं आणि मोजायला सोपं जातं.

आधी गरज किती बारीक आहे ते सांगते. रायफलच्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. छर्रा त्याला कडेने शिवला तरी दहा मिळतात, म्हणजे छर्ऱ्याचं केंद्र मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत हवं. पण दशांश गुण मोजले जातात तिथे दर पाव मिलिमीटरला एक दशांश जातो: १०.९, १०.८, १०.७ असं खाली. ६० शॉट्सच्या मॅचमध्ये दर शॉटला एक दशांश गेला तर सहा गुण गेले. नेम कितीही चांगला धरला तरी छर्ऱ्याने खाल्लेले हे गुण परत मिळत नाहीत. माझा सगळा खटाटोप एवढ्यासाठी.

चाचणी मी बेंचवर, वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवून करते. पाच शॉट्सच्या एका ग्रुपवर (एकाच नेमाने मारलेल्या शॉट्सच्या भोकांचा पुंजका) अजिबात विश्वास ठेवू नका, हे मी फार आग्रहाने सांगेन. एकाच डबीतून, एकाच बैठकीत मारलेल्या पाच-पाच शॉट्सच्या दोन ग्रुपमधला एक दुसऱ्याच्या जवळपास दुप्पट निघू शकतो, आणि त्यातला लहान ग्रुप दाखवून लोक डबीचं कौतुक करतात. मी दहा शॉट्सचा ग्रुप मारते आणि प्रत्येक डबीचे असे अनेक ग्रुप वेगवेगळ्या दिवशी घेते. बाहेरच्या कडांमधलं जास्तीत जास्त अंतर मोजून त्यातून ४.५ वजा केले की केंद्र ते केंद्र अंतर मिळतं. कागदाचे धागे किंचित मागे सरतात, म्हणून भोक ४.५ पेक्षा जरा लहानच दिसतं. पण सगळ्या डब्या एकाच कागदावर, एकाच पद्धतीने मोजल्या की तुलनेला अडचण येत नाही.

आता हेड साइज. डबीवर ४.४९, ४.५०, ४.५१ असे आकडे असतात. फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा, पण अंगठ्याने छर्रा आत ढकलताना तो कळतो. माझ्या बॅरलमध्ये ४.४९ सहज सरकायचा आणि ग्रुप अडीच मिलिमीटरच्या आसपास यायचा. ४.५० ला किंचित विरोध जाणवतो, आणि बहुतेक ग्रुप दोनच्या आत आले. ४.५१ चं वागणं वेगळंच होतं. आठ-नऊ शॉट्स एकाच भोकात आणि मग एखादा भलतीकडे. सरासरी बघितली तर तो वाईट नाही, पण मॅचमध्ये तो एकच शॉट महागात पडतो, म्हणून मी तो बाजूला ठेवला.

हेड साइज ठरली की काम संपलं असं मला आधी वाटायचं. खरी गोष्ट पुढे होती. त्याच कंपनीच्या, त्याच नावाच्या, त्याच ४.५० च्या दोन डब्या, फक्त बॅच नंबर वेगळा. एकीचे ग्रुप पावणेदोनचे, दुसरीचे सव्वादोनच्या पुढे, आणि फेरीफेरीत हाच क्रम. साचे वापराने झिजतात आणि बदलले जातात, शिशाचा प्रत्येक घाणा तंतोतंत सारखा नसतो, आणि लेबलवर मात्र तेच नाव राहतं. ब्रँड सांगून भागत नाही ते यामुळेच. एकेक डबी घेऊन तपासा, आवडलेल्या बॅचचा नंबर लिहून ठेवा आणि त्याच बॅचच्या जमतील तेवढ्या डब्या एकदम घ्या. नंतर शोधायला गेलात तर ती बॅच बहुधा संपलेली असते.

वेगाचंही बोलायला हवं. सेकंदाला १७० मीटर वेगाने दहा मीटर जाताना छर्रा सुमारे १७ मिलिमीटर खाली येतो. वेग तीन मीटरने कमी झाला तर तो आणखी अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त खाली पडतो, म्हणजे दोनेक दशांश. म्हणून ग्रुप उभा ताणलेला दिसला की मी आधी क्रोनोग्राफ (छर्ऱ्याचा वेग मोजायचं यंत्र) लावते आणि रेग्युलेटर तपासते. छर्ऱ्याला दोष त्यानंतर. वजन मोजून छर्रे निवडायचाही प्रयोग केला. ०.०१ ग्रॅमचा फरक कागदावर साधारण मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा दिसेल असं गणित सांगतं, पण चांगल्या डबीत एवढा फरकच क्वचित सापडतो. त्या वेळात स्कर्ट बघितलेले बरे. स्कर्ट म्हणजे छर्ऱ्याची मागची पोकळ बाजू; ती पातळ शिशाची असते, हवेच्या दाबाने ती फुगून बॅरलच्या खाचांना घट्ट बसते. तिची कड चेपलेली असली तर हवा एका बाजूने निसटते. उजेडात धरून पाहिलं की चेप लगेच दिसतो. असा छर्रा आणि हातातून जमिनीवर पडलेला छर्रा मी मॅचला कधीच वापरत नाही.

बॅरल साफ केल्यावर लगेच चाचणी घेऊ नका. फेल्टचे बोळे मारल्यावर पहिले काही शॉट्स भटकतात. शिशाचा पातळ थर पुन्हा बसला की ग्रुप जागेवर येतो. ते शॉट्स हिशोबात धरले तर चांगल्या डबीवर अन्याय होतो.

छर्रे शिशाचे आहेत, म्हणून प्रत्येक सत्रानंतर साबणाने हात धुवायचे, टेबलावर खाणंपिणं नाही, आणि छर्रा तोंडात धरायचा तर अजिबातच नाही. डब्या लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवायच्या.

सध्या माझ्याकडे पावणेदोनवाल्या बॅचच्या थोड्या डब्या उरल्यात. त्या मॅचला आणि मॅचआधीच्या सरावाला. रोजच्या सरावाला सव्वादोनवाली बॅच पुरते, कारण पवित्रा आणि ट्रिगरवर काम करताना तेवढ्या फरकाने काही अडत नाही. नवीन बॅचची एक डबी आली आहे. तिचे पहिले ग्रुप चांगले दिसतायत, पण अजून दोन-तीन वेगळ्या दिवशी मारल्याशिवाय मी तिच्या जास्त डब्या घेणार नाही.